आतल्या बॅटरीचा फोन: बॅटरी पहिल्यांदाच बदलून घेणाऱ्यांसाठी

गेल्या उन्हाळ्यात आईकडे गेले तेव्हा तिच्या मोबाइलचा लँडलाइन झालेला होता. स्वयंपाकघरात स्विचबोर्डाशेजारी एक खिळा, खिळ्याला कापडी पिशवी, पिशवीत फोन आणि फोनला कायमची वायर. कॉल आला की आई ओट्यापासून दोन पावलं मागे यायची आणि भिंतीला खेटून बोलायची. वायर काढली की दहा मिनिटांत फोन बंद. बाकी त्याची काही तक्रार नव्हती. स्क्रीन धड, आवाज धड, व्हॉट्सॲप चालू. तरी घरात सगळ्यांचं ठरून गेलं होतं की आता नवीन घ्यायला हवा.

शेवटी बॅटरी बदलली आणि काम झालं. पण त्यासाठी जे फोन करावे लागले, जे प्रश्न विचारावे लागले, ते पाहून वाटलं की हे एकदा नीट लिहून ठेवावं. कारण माझ्या स्वतःच्या फोनच्या वेळी, काही वर्षांपूर्वी, मी यातलं काहीही न विचारता ४५० रुपयांत बॅटरी बसवून आले होते. चार महिन्यांनी ती फुगली आणि तिने आतून ढकलून स्क्रीनच वर उचलली. बॅटरीचे ४५० गेले ते गेलेच, वर स्क्रीनचे ३,२०० मोजले.

हे सगळं पूर्वी का नव्हतं, ते दोन ओळींत सांगते. नोकियाची बीएल-५सी बॅटरी ज्यांनी वापरली आहे त्यांना आठवत असेल: मागचं झाकण अंगठ्याने सरकवायचं, नखाने बॅटरी उचकटायची, दुसरी टाकायची. गावी जाताना माणसं भरलेली जादा बॅटरी खिशात ठेवायची. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगमध्ये जास्त तापू शकतात. लोकांनी झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर पाहिला, सदोष निघाली तर बदलून घेतली. फोन घरातच राहिला. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा मात्र ग्राहकांना अख्खा फोन परत द्यावा लागला, कारण बॅटरी काढायची सोयच नव्हती. मधल्या नऊ वर्षांत काय बदललं ते यात आलं. २००७ चा पहिला आयफोन बंद पाठीचा होता, हळूहळू बाकीचे त्याच वाटेने गेले. सॅमसंगच्या एस मालिकेत झाकण निघणारा शेवटचा फोन २०१४ चा गॅलेक्सी एस ५. तो पाण्यातही टिकायचा, हे मुद्दाम सांगते, कारण "पाणी आत जाऊ नये म्हणून पाठ बंद करावी लागते" हे उत्तर दुकानात हमखास मिळतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की आतली बॅटरी कडक डबीत न घालता मऊ पाकिटात ठेवली की जागा वाचते, फोन पातळ होतो. आणि बॅटरी बदलणं जिकिरीचं झालं की नवा फोन विकणं सोपं होतं, हेही त्यात आलंच.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढच्या पायऱ्या कळतील. तुम्ही बॅटरीचे पैसे थोडे देता, पाठ उघडण्याचे जास्त देता. आत चिकटवलेली बॅटरी काढायची म्हणजे मजुरी, गम, काच फुटण्याची जोखीम, फोनविना घालवलेला दिवस, आणि उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं ते वेगळंच.

पायरी १: दोष बॅटरीचाच आहे का?

चार्जिंग टिकत नाही म्हटलं की सगळे बॅटरीकडे बोट दाखवतात. पुष्कळदा गुन्हेगार दुसराच असतो. आधी फुकटातले उपाय करा.

टॉर्च लावून फोनचं चार्जिंगचं भोक पाहा. खिशातला कापसाचा बुरा तिथे दाबून बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच काढा. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका. दुसऱ्या घरातली, चालू असल्याची खात्री असलेली केबल आणि ॲडॅप्टर लावून पाहा. सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडून कोणतं ॲप किती खातंय ते बघा. रेंज कमी असलेल्या गावात फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपवतो, हे आमच्याकडे नेहमीचं. याची परीक्षा सोपी आहे: रात्री झोपताना फोन विमान मोडवर टाका, टक्का लिहून ठेवा, सकाळी पाहा. रात्रभरात दोन-चार टक्केच उतरले तर बॅटरी बहुधा बरी आहे, खाणारं ॲप किंवा रेंज शोधा. विमान मोडवरही वीस-पंचवीस टक्के गेले तर बॅटरी थकलीय असं धरायला हरकत नाही.

थकलेल्या बॅटरीची खास लक्षणं अशी: ३० टक्के दाखवत असताना फोन एकदम बंद पडतो आणि वायर लावताच पुन्हा २८ दाखवतो. कॅमेरा उघडला, व्हिडिओ कॉल लावला की विझतो, कारण त्या क्षणी लागणारा जोर जुन्या बॅटरीला देता येत नाही. चार्ज भराभर पूर्ण होतो आणि तितक्याच भराभर उतरतो.

फोन हळू चालणं हेसुद्धा कधीकधी बॅटरीचंच लक्षण असतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते, फोन मध्येच बंद पडू नये म्हणून. बोंब झाल्यावर अमेरिकेत ७९ डॉलरला मिळणारी बॅटरी वर्षभर २९ डॉलरला बदलून दिली. तोवर कितीतरी लोकांनी "फोन म्हातारा झाला" म्हणून नवा घेतलाही होता.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग बॅटरी, मग बॅटरी हेल्थ इथे टक्का दिसतो. ८० च्या खाली गेला की बदलायची वेळ झाली. सॅमसंगमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' ॲपच्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची तपासणी आहे. इतर अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'बॅटरी हेल्थ' टाकून पाहा. सगळ्यांत सापडेलच असं नाही.

सायकल हा शब्द इथे वारंवार भेटेल, तो समजून घ्या. एकूण शंभर टक्के वापर म्हणजे एक सायकल. आज ६० टक्के वापरली, उद्या ४०, तर मिळून एकच. ॲपलचं स्वतःचं म्हणणं असं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतात, १५ पासूनच्या १,००० नंतर. रोज एक सायकल धरली तर ५०० म्हणजे दीड वर्षाच्याही आत. आईचा फोन साडेतीन वर्षांचा होता. तिने बॅटरीवर अन्याय केला असं म्हणता येणार नाही.

पाठ उचललेली असेल तर इथेच थांबा

फोन टेबलावर पालथा ठेवून बोटाने टोकाला दाबला आणि तो होडीसारखा डुलला, कडेला पाठ आणि फ्रेम यांत फट दिसली, किंवा स्क्रीनच्या मधोमध पिवळसर डाग उमटला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. आत रसायनं बिघडून वायू तयार होतो आणि मऊ पाकीट फुगतं.

चार्जिंग लगेच बंद. फोन बंद करा. पाठ दाबून पुन्हा बसवायचा मोह होतो, तो आवरा. गादीवर, उशीखाली, कपाटात ठेवू नका. फरशीवर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवा आणि त्याच दिवशी दुकानात न्या. टाचणीने भोक पाडून हवा काढतो असं कुणी म्हणालं तर फोन उचला आणि दुकानातून बाहेर पडा. अतिशयोक्ती करत नाही. पाकीट फाडलं की आतले थर एकमेकांना चिकटतात आणि काही सेकंदांत पेट घेऊ शकतात; तो धूरही विषारी असतो.

पायरी २: बदलण्यात अर्थ आहे का?

हिशेब कागदावर करा. आईचा फोन १५,००० चा. साडेतीन वर्षं म्हणजे ४२ महिने चालला, तेव्हा टाकला असता तर महिन्याला ३५७ रुपये पडले. बॅटरीला १,३०० घातले आणि तो आणखी दोन वर्षं चालला, तर १६,३०० भागिले ६६, म्हणजे महिन्याला २४७. शिवाय नवा फोन शिकवण्याचा त्रास वाचला. तो रुपयांत मोजता येत नाही, पण ज्यांनी आईला नवा फोन शिकवलाय त्यांना ठाऊक आहे.

उलट बाजूही पाहा. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख दोन-तीन वर्षं मागची असेल, बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप "हा अँड्रॉइड चालणार नाही" म्हणू लागलं असेल, तर बॅटरीत पैसे घालून उपयोग नाही. स्क्रीनला आधीच तडा असेल तरीही विचार करा. बऱ्याच फोनमध्ये आत जायची वाट स्क्रीनच्या बाजूने असते आणि तडकलेली काच उचलताना हमखास फुटते. माझा ढोबळ नियम: बॅटरी आणि इतर दुरुस्ती मिळून तशाच जुन्या वापरलेल्या फोनच्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर सोडून द्या.

पायरी ३: कुठे द्यायचा?

दोन वाटा आहेत, कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र आणि बाजारातला कारागीर. वॉरंटी चालू असेल तर आधी सेवा केंद्रच. वॉरंटी कार्डही नीट वाचा, त्यात बॅटरीची मुदत फोनपेक्षा वेगळी लिहिलेली असू शकते.

जायच्या आधी फोन करा आणि पाच गोष्टी विचारून लिहून घ्या: माझ्या मॉडेलची बॅटरी आत्ता स्टॉकमध्ये आहे का, मजुरी आणि जीएसटी धरून एकूण किती, किती वेळ लागेल, डेटा पुसावा लागेल का, आणि उघडताना काच फुटली तर खर्च कुणाचा. शेवटचा प्रश्न विचारल्यावर पलीकडे थोडी शांतता पसरते. पसरू द्या.

आईच्या फोनसाठी सेवा केंद्राने २,१५० सांगितले. बॅटरी मागवावी लागेल, तीन दिवस फोन इथेच राहील, डेटाची जबाबदारी आमची नाही अशा कागदावर सही हवी. केंद्र गावापासून ३८ किलोमीटरवर, म्हणजे ठेवायला एक फेरी, आणायला दुसरी. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यातल्या कारागिराने १,३०० सांगितले, समोर बसा, तासाभरात देतो. मी गाळा निवडला, पण आंधळेपणाने नाही. त्याचं टेबल बघितलं: खाली निळी रबरी चटई, स्क्रू ठेवायला चुंबकाची पाटी, फोन तापवायला तापमानाचा आकडा दाखवणारा हीटर. मोकळ्या फ्लेमने किंवा घरच्या इस्त्रीने पाठ तापवणाऱ्याकडे फोन देऊ नका. दुसरी खूण म्हणजे तो बिल द्यायला तयार आहे का आणि त्यावर बॅटरीची वॉरंटी लिहितो का. "आपलंच दुकान आहे, काही झालं तर या" ही वॉरंटी नव्हे. माझी ४५० ची बॅटरी याच वाक्यावर घेतली होती.

आयफोनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१८ च्या एक्सएस, एक्सआर मॉडेलपासून बाहेरची बॅटरी टाकली की सेटिंग्जमध्ये 'बॅटरी ओळखता येत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. फोन चालतो, पण पुढे विकताना गिऱ्हाईक तो संदेश दाखवून भाव पाडतं. कारागीर जुन्या बॅटरीवरची छोटी सर्किटपट्टी नव्या सेलला जोडून वाट काढतात. त्या जोडकामावर माझा फारसा भरवसा नाही. आयफोनला शक्यतो अधिकृत केंद्रच बरं.

पायरी ४: फोन देण्याच्या आदल्या रात्री

दुरुस्तीची खरी अडचण पैशांपेक्षा इथे आहे. फोन तीन दिवस नाही म्हणजे ओटीपी नाही, यूपीआय नाही, गॅसचं बुकिंग नाही, मुलांच्या शाळेचा ग्रुप नाही. पूर्वी बॅटरी गेली तर बॅटरी दुकानात जायची, आता आपलं अर्धं घर जातं.

जुना कुठलातरी चालू फोन शोधा, साधा बटणांचा असला तरी चालेल. सिम त्यात घाला म्हणजे बँकेचे मेसेज येत राहतील. खिशात थोडी रोकड ठेवा, कारण दुरुस्तीचे पैसे देताना तुमचा फोन उघडा पडलेला असेल आणि स्कॅन करायला काही नसेल. हे मी शिकले ते गाळ्यात बसून. शेवटी चहावाल्याचेही पैसे कारागिरानेच दिले.

बॅकअप घ्या: फोटोंचा, संपर्कांचा आणि व्हॉट्सॲपचा. व्हॉट्सॲपचा वेगळा घ्यावा लागतो, हे बरेच जण विसरतात. मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवा. फोनचे चारही कडांचे फोटो दुसऱ्या फोनवर काढा, आधीचे ओरखडे त्यात दिसू देत.

पिन सांगू नका. बॅटरी बदलायला पिन लागत नाही. फोन सुरू होतो आणि चार्ज घेतो एवढं लॉक पडद्यावरही कळतं. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो लावला की फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. सेवा केंद्रात फोन ठेवून यायचा असेल तर हे नक्की करा.

आणखी एक, जे उलटं वाटेल: फोन पूर्ण चार्ज करून नेऊ नका. पंचवीस टक्क्यांच्या खाली असू द्या. काढताना बॅटरीला इजा झालीच तर भरलेली जास्त जोरात पेटते.

पायरी ५: दुकानात, समोर बसून

बॅटरी बसवण्याआधी हातात मागा आणि वाचा. लेबलावर मॉडेल क्रमांक असतो, तो जुन्या बॅटरीवरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळायला हवा. उदाहरणार्थ रेडमी नोट ८ ची बॅटरी बीएन ४६. तिच्यावर क्षमता ३९००/४००० एमएएच आणि ऊर्जा १५.०/१५.४ वॉट-तास असं लिहिलेलं असतं. हे दोन्ही आकडे एकमेकांशी पडताळता येतात: एमएएच गुणिले व्होल्ट भागिले हजार म्हणजे वॉट-तास. ४००० गुणिले ३.८५ व्होल्ट केलं की १५,४००, म्हणजे १५.४. नकली लेबलावर क्षमता फुगवून लिहिताना दुसरा आकडा बदलायचा राहून जातो, तिथे चोरी सापडते. तेवढ्याच आकारात, तेवढ्याच जाडीत "जास्त पॉवरची ६००० वाली" मिळाली तर ती नाकारा.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो छापणं नकली माल करणाऱ्यालाही अवघड नाही, हे खरं. पण ज्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत त्याची बॅटरी का घ्यायची? उत्पादनाची तारीख असेल तर पाहा. दोन-तीन वर्षं गाळ्यात पडलेली 'नवी' बॅटरी बरीच थकलेली असू शकते, वापरली नाही तरी. 'ओरिजिनल' हा शब्द ऐकला की विचारा, नवी की दुसऱ्या फोनमधून काढलेली? काढलेली ओरिजिनल ही बाजारात सर्रास चालते.

मग बघत बसा. आमच्या कारागिराने फोन हीटरवर ठेवला, पाच-सात मिनिटांनी पाठ कोमट झाली. कडेला सक्शन कप लावून केसाएवढी फट केली आणि फटीत घातली जुन्या एक्स-रेची कापून केलेली पट्टी. एक्स-रे वाकतो, ओरखडत नाही आणि गमाला चिकटत नाही. तिच्या टोकावर कुणाच्या तरी बोटांची हाडं अजून दिसत होती. पट्टी कडेकडेने फिरली, गमाचे पांढरे धागे ताणले गेले आणि पाठ सुटली. पण पूर्ण उचलली नाही. आईच्या फोनचा फिंगरप्रिंट पाठीवर आहे, त्याचा पट्टा खालच्या बोर्डाला जोडलेला असतो. घाईने पाठ ओढणाऱ्याकडून तो तुटतो आणि मग "फिंगरप्रिंट आधीपासूनच बंद होता का?" असा प्रश्न येतो. त्याने आधी तो पट्टा सोडवला, मग बॅटरीचा कनेक्टर, आणि त्यानंतरच बॅटरीला हात लावला.

सगळ्यांत नाजूक क्षण तो. बॅटरीखाली ओढायची पट्टी असेल तर ती हळू, सरळ ओढतात. ती तुटली किंवा नसलीच तर कडेने आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे चार थेंब सोडून गम मऊ करतात आणि प्लास्टिकच्या पातीने उचकटतात. तुमच्या कारागिराने इथे स्टीलचा स्क्रूड्रायव्हर उचलला तर तोंड उघडा. भीड धरू नका, फोन तुमचा आहे.

नवी बॅटरी चिकटवण्याआधी नुसती जोडून फोन सुरू करायला सांगा. सुरू झाला, चार्ज घेतोय, टक्का वाढतोय, कॅमेरा आणि फिंगरप्रिंट चालतोय, मग गम. जुना गम खरवडून नवा लावला तरच पाठ नीट बसते. क्लिप किंवा रबर बँड लावून अर्धा तास दाबून ठेवतात; "लगेच घेऊन जा, चालतं" म्हणाला तरी थांबा. आणि फोनवर आयपी ६७ किंवा ६८ (पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी आजपासून तो पाण्यात टिकणारा नाही असंच धरा. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी.

निघताना बिल घ्या. त्यावर तारीख, फोनचं मॉडेल, आयएमईआय, बॅटरीचा क्रमांक आणि वॉरंटीची मुदत. जुनी बॅटरी कुणाकडे राहिली तेही विचारा.

पायरी ६: पहिले आठ दिवस

पहिल्या एक-दोन वेळा शंभर टक्के भरा आणि पंधरा-वीसपर्यंत उतरू द्या, म्हणजे टक्क्याचा अंदाज जागेवर येतो. पहिले दोन दिवस आकड्याने उड्या मारल्या तर घाबरू नका. चार्जिंगमध्ये फोन हातात धरवणार नाही इतका तापला, पाठीला फट दिसली किंवा आठ दिवसांनंतरही टक्के धडाधड कोसळत असतील तर बिल घेऊन परत जा.

नंतरची निगा फार नाही. उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू. ॲपल आयफोन वापरायला शून्य ते ३५ अंश हवामान सांगतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, तिथे दुचाकीच्या हँडलवर उन्हात नकाशा लावून चार्जिंग करत जाणं म्हणजे बॅटरी भाजणंच. चार्ज करताना जाड कव्हर काढा, गादीवर ठेवू नका. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय फोनमध्ये असेल तर रोजच्यासाठी ती चालू ठेवा, प्रवासाच्या आदल्या दिवशी बंद करा. याहून जास्त व्रतवैकल्यं करू नयेत असं माझं मत आहे. बॅटरी आपल्यासाठी असते.

आईचा फोन आता दिवसभर चालतो. खिळ्यावरच्या पिशवीत कढीपत्ता असतो.

पायरी ७: काही बिनसलं तर

आधी दुकानदाराशी, केंद्राशी लेखी बोला, निदान व्हॉट्सॲपवर, म्हणजे तारीख राहते. उत्तर नाही मिळालं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे बिल आणि फोटो विचारतात, म्हणूनच आदल्या रात्रीचे फोटो. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टलही सुरू केलं. कोणत्या कंपनीचं केंद्र कुठे, सुटे भाग आणि वॉरंटी काय, ही माहिती एका जागी असावी हा त्याचा हेतू. सुटा भाग कंपनीकडे मिळतो का, हे पाहायला उपयोगी पडतं.

पुढचा फोन घेताना

दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल विचारतो, तसंच विचारा: याची बॅटरी दोन वर्षांनी कितीला बदलून मिळेल आणि कोणत्या गावात? विक्रेता गोंधळेल. मग तिथल्या तिथे कंपनीच्या सेवा केंद्राला फोन लावा. ती रक्कम फोनच्या किमतीत मिळवा आणि मगच दोन फोनची तुलना करा. हजार रुपयांनी स्वस्त फोन इथे महाग निघतो.

झाकण निघणारे फोन अजून आहेत, पण थोडे. सॅमसंगचा एक्सकव्हर ७ त्यातला एक, २०२४ मध्ये भारतात आला. मुख्यतः गोदामं, कारखाने, शेतावर काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला, दिसायला दणकट. ॲपलने आयफोन १६ मध्ये वेगळीच युक्ती काढली: ९ व्होल्टची वीज जोडली की बॅटरीखालचा गम आपोआप सुटतो. नेदरलँड्सची फेअरफोन ही कंपनी बॅटरी घरच्या घरी काढता येईल असेच फोन बनवते, युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना तो पर्याय सहज आहे. तिथे कायदाही मागे लागलाय. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के उरली पाहिजे, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी असा नियम लागू होतोय. फोनसाठीच्या नियमांत एक खिडकी उघडी ठेवली आहे: बॅटरी १,००० सायकलनंतरही ८० टक्के राहत असेल आणि फोन पाण्यात टिकत असेल, तर घरच्या घरी बदलता येण्याची अट सैल होते. महागडे फोन त्या खिडकीतून बाहेर पडतील असा माझा कयास आहे. स्वस्त फोनमध्ये फरक पडला तर त्याचा फायदा इथेही पोचेल, कारण युरोपसाठी वेगळा साचा आणि आपल्यासाठी वेगळा, हे कारखान्यालाही परवडत नाही.

जुनी बॅटरी

ही पायरी सगळे गाळतात. कारागीर जुनी बॅटरी हातात देतो, ती ड्रॉवरमध्ये जाते, तिथून दिवाळीच्या साफसफाईत घंटागाडीत. गाडीत कचरा दाबला जातो, पाकीट फुटतं आणि कचरा पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून सेवा केंद्रात विचारा, किंवा नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या. तोवर कनेक्टरच्या टोकावर चिकटपट्टी लावा, धातूच्या डब्यात किंवा किल्ल्यांबरोबर ठेवू नका, सुटी बॅटरी कुरिअरनेही पाठवू नका. फुगलेली असेल तर ती कारागिराकडेच सोडा आणि तो ती कुठे ठेवतो ते बघून या. आमच्याकडचा गाळ्याच्या मागच्या बाजूला वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. डब्यावर खडूने लिहिलंय: हात लावू नये.